गॅस एजन्सी, कंपनी की पाइप गॅस? गोव्यात घरचं इंधन बदलताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर तीनदा बदललं. आधी डिचोली, मग म्हापसा आणि आता पणजीजवळची एक सोसायटी. पहिल्या दोन खेपांना सिलिंडरची एजन्सी बदलली, तिसऱ्या खेपेला सिलिंडरच गेला आणि पाइप आला. तेव्हापासून नात्यातली नि शेजारची माणसं याबद्दल मला फोन करून विचारतात. तेच प्रश्न आणि मी देते ती उत्तरं इथे लिहिली आहेत.

गोव्यात वीज कंपनी बदलता येते का?

नाही. मुंबईचे नातेवाईक सांगतात, आम्ही अदानीची वीज सोडून टाटाची घेतली. ते खरं आहे, कारण तिथे काही भागांत दोन परवानाधारक वीज पुरवतात. गोव्यात घरांना वीज देतं ते फक्त सरकारचं वीज खातं. दर ठरवतो गोवा आणि केंद्रशासित प्रदेशांसाठीचा संयुक्त वीज नियामक आयोग. २००३ च्या वीज कायद्यात दुसरीकडून वीज घेण्याची सोय आहे, पण ती मोठ्या ग्राहकांसाठी, म्हणजे कारखान्यांसारख्यांसाठी. घरच्या मीटरला तिचा उपयोग नाही.

म्हणून कोणी दारात येऊन "आमच्या कंपनीची वीज घ्या, बिल निम्म्यावर येईल" म्हणालं, तर त्याला वीजबिलाची किंवा आधारची प्रत देऊ नका. आमच्या इमारतीत एका आजींनी दोन्ही काढून दिली होती. सून वेळेवर घरी आली म्हणून ते कागद परत मिळाले.

मग बदलता काय येतं?

स्वयंपाकाचा गॅस. त्यात तीन प्रकारचे बदल आहेत: कंपनी तीच ठेवून एजन्सी बदलणं, कंपनीच बदलणं (इंडेन, भारत गॅस, एचपी या तिघांत), आणि सिलिंडर सोडून पाइप गॅस घेणं. प्रत्येकाची वाट वेगळी. लोक तिन्ही एकच समजून एजन्सीत जातात आणि चुकीचा अर्ज भरून परत येतात.

एजन्सी वेळेवर सिलिंडर देत नाही. कंपनी न बदलता एजन्सी बदलता येईल?

येईल, आणि हा सगळ्यात सोपा बदल. ही सोय ऑक्टोबर २०१३ मध्ये काही निवडक शहरांत सुरू झाली आणि २०१४ च्या सुरुवातीपासून देशभर पसरली. कंपनीच्या वेबसाइटवर किंवा अ‍ॅपवर आपल्या ग्राहक क्रमांकाने आत जायचं, आपल्या भागातल्या एजन्सींची यादी बघायची आणि हवी ती निवडायची. बदलासाठी वेगळं शुल्क नाही. सिलिंडर आणि रेग्युलेटर तुमच्याकडेच राहतात, फक्त तुमचं नाव एका वहीतून दुसऱ्या वहीत जातं.

अर्ज करण्याआधी एवढं बघा की आधीची कुठली बुकिंग अडकलेली नाही. असेल तर तो सिलिंडर घरी येऊ द्या किंवा बुकिंग रद्द करा.

आणि यादीतली सगळ्यात जवळची एजन्सीच चांगली, असं धरून चालू नका. तुमच्या वाड्यावर कुणाची गाडी नेमाने येते ते शेजाऱ्यांना विचारा. म्हापशात आम्हाला जवळची एजन्सी होती चालत पाच मिनिटांवर, पण आमच्या गल्लीत त्यांची गाडी आठवड्यातून एकदाच यायची. लांबच्या एजन्सीची दर दोन दिवसांनी यायची.

कंपनीच बदलायची असेल तर?

इथे सामान हलतं. सिलिंडर आणि रेग्युलेटर जुन्या कंपनीचे, त्यामुळे ते परत करावे लागतात. अर्ज सध्याच्या कंपनीकडेच करायचा, त्यात नवी कंपनी आणि एजन्सी निवडायची. मग पोचपावती घेऊन जुन्या एजन्सीत सामान जमा करायचं, ठेव परत घ्यायची, बदलीचा कागद घ्यायचा आणि तो घेऊन नव्या एजन्सीत जायचं.

खरं सांगायचं तर तिन्ही कंपन्यांच्या सिलिंडरमध्ये गॅस तोच, १४.२ किलोच, आणि घरगुती सिलिंडरचा दरही एका गावात सारखाच असतो. त्यामुळे केवळ कंपनी बदलून स्वयंपाकघरात काही फरक पडत नाही, फरक पडतो तो एजन्सीमुळे. तुमच्या भागात दुसऱ्या कंपनीची एजन्सी खरोखर चांगली असेल तरच हा खटाटोप करा.

गाव बदलतोय. कनेक्शन घेऊन जाता येतं का?

त्याच गावात किंवा लागूनच्या भागात जात असाल तर जुनी एजन्सी बदलीची सूचना नव्या एजन्सीला पाठवते आणि सामान तुमच्याकडेच राहतं. लांब जात असाल, समजा वाळपईहून पुण्याला, तर सिलिंडर-रेग्युलेटर इथे जमा करायचे, ठेव आणि टर्मिनेशन व्हाउचर घ्यायचं आणि तिकडे त्या व्हाउचरवर पुन्हा कनेक्शन घ्यायचं. शेगडी तुमची, ती न्यायची. रबरी नळी मात्र नवीनच घ्या. नळीवर आयएसआयची खूण आणि वर्ष छापलेलं असतं, आणि पाच वर्षांनी ती बदलायचीच असते. ती मागे ठेवून जाण्यासाठी घर बदलण्यापेक्षा चांगला मुहूर्त नाही.

हे 'टीव्ही', 'एसव्ही' काय असतं?

एजन्सीतली माणसं हे शब्द भराभर वापरतात आणि ऐकणारा गोंधळतो. एसव्ही म्हणजे सबस्क्रिप्शन व्हाउचर. कनेक्शन घेताना मिळालेला हा कागद सांगतो की सिलिंडर किती, रेग्युलेटर किती आणि तुम्ही ठेव किती भरली. टीव्ही म्हणजे टर्मिनेशन व्हाउचर, सामान परत केल्याचा पुरावा.

डिचोली सोडताना आमच्याकडून चूक झाली ती इथेच. टेम्पो दारात उभा होता, पावसाची चिन्हं होती. एजन्सीच्या माणसाने दोन्ही सिलिंडर उतरवून घेतले, एका चिटोऱ्यावर "२ सिलि. १ रेग्यु. जमा" असं लिहून दिलं आणि म्हणाला, टीव्ही उद्या येऊन न्या. तो उद्या चार महिन्यांनी आला. मधल्या काळात नव्या गावी कनेक्शन मिळेना, कारण संगणकात आमचं जुनं कनेक्शन चालूच दिसत होतं. ते चार महिने मी भावजयीकडून मागून आणलेल्या पाच किलोच्या सिलिंडरवर काढले. घरात लहान मूल, आणि गॅस कधी संपेल याचा नेम नाही.

म्हणून सांगते, सिलिंडर गाडीतून उतरवण्याआधी छापील टीव्ही हातात घ्या. त्यावरचं नाव, सिलिंडरची संख्या आणि परत मिळालेली रक्कम तिथेच उभं राहून वाचा.

ठेव किती परत मिळते?

तुमच्या एसव्हीवर लिहिलेली असते तेवढी. आजचा दर परत मिळत नाही. जून २०२२ मध्ये नव्या कनेक्शनसाठी १४.२ किलोच्या सिलिंडरची ठेव १४५० वरून २२०० रुपये झाली आणि रेग्युलेटरची १५० वरून २५०. पंधरावीस वर्षांपूर्वीचं कनेक्शन असेल तर हातात बरीच कमी रक्कम पडेल. एजन्सी फसवते आहे असं समजून भांडायला जाऊ नका, आधी एसव्ही बघा.

उरलेल्या गॅसचे पैसे कोणी धरत नाही. तेव्हा शेवटचा सिलिंडर पुरा वापरून मगच परत करा.

एसव्ही हरवली आहे.

एजन्सीत लेखी अर्ज द्या. ग्राहक क्रमांक आणि ओळखपत्र लागतं, आणि हरवल्याचं हमीपत्र लिहून घेतात. गॅसचं निळं पुस्तक सापडलं तर काम लवकर होतं. जुन्या घरांत ते बहुधा देवघराच्या फळीवर, पंचांगाच्या खाली मिळतं.

कनेक्शन सासऱ्यांच्या नावावर आहे आणि ते आता नाहीत.

गोव्यात हे घरोघरी आहे. घर आजोबांच्या नावावर, वीज त्यांच्याच नावावर आणि गॅसही. गॅसचं नाव बदलणं त्यातल्या त्यात सोपं: मृत्यूचा दाखला, वारसाचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, बाकीच्या वारसांची ना-हरकत. घराच्या कागदांसारखी सगळ्या भावंडांची आणि त्यांच्या जोडीदारांची वाट बघण्याची वेळ इथे सहसा येत नाही. हे आधी करा आणि मगच एजन्सी किंवा इंधन बदला. गेलेल्या माणसाच्या नावावरचं कनेक्शन परत करायला गेलात तर ठेव कोणाला द्यायची इथेच गाडी अडते.

आम्ही भाड्याने राहतो. मालकाच्याच कनेक्शनवर चाललंय, ते ठीक आहे का?

चालतं तोवर चालतं. पण बुकिंगचा मेसेज आणि सिलिंडर घेताना द्यायचा कोड मालकाच्या मोबाइलवर जातो. मालक जहाजावर किंवा आखातात असला की सिलिंडर दारात आणि कोड समुद्रात. भाडेकरार असेल तर स्वतःच्या नावावर कनेक्शन घ्या. थोड्या महिन्यांसाठीच राहायचं असेल तर पाच किलोचा छोटा सिलिंडर बरा. तो पत्त्याच्या पुराव्याशिवाय, नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. इंडेनवाले त्याला छोटू म्हणतात.

आणखी एक. नवं कनेक्शन देताना एजन्सीने "शेगडी आमच्याकडूनच घ्यावी लागेल" म्हटलं तर ऐकू नका. तशी सक्ती करता येत नाही.

पाइप गॅस गोव्यात कोण देतं? त्यात निवड आहे का?

निवड नाही. पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ एकेक भौगोलिक क्षेत्र एकेका कंपनीला देतं. उत्तर गोव्यात गोवा नॅचरल गॅस ही कंपनी आहे, गेल गॅस आणि भारत पेट्रोलियम यांनी मिळून काढलेली. दक्षिण गोव्यात इंडियन ऑइल-अदानी गॅस. गोव्यात वायू येतो तो गेलच्या दाभोळ-बंगळूर वाहिनीच्या फाट्यावरून.

तुमच्या रस्त्यावर नळी आली आहे की नाही, हाच खरा प्रश्न. एका वाडीत ती असते आणि पुढच्या वळणावर नसते. सोसायटी असेल तर समितीने मिळून अर्ज करणं चांगलं, कारण इमारतीवरून उभी जाणारी नळी सगळ्यांची असते आणि तिची वाट ठरवताना एकमत लागतं. आमच्याकडे तीन बैठका फक्त नळी पुढून न्यायची की मागून यावर झाल्या.

पाइप गॅस स्वस्त पडतो का?

दोन्हींचे दर बदलत राहतात, म्हणून आजचा आकडा सांगण्यापेक्षा हिशेब सांगते. पाइप गॅस घनमीटरने मोजतात. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये जेवढी उष्णता असते तेवढी मिळायला साधारण १८ घनमीटर पाइप गॅस लागतो. तेव्हा पाइप कंपनीचा एका घनमीटरचा दर, कर धरून, १८ ने गुणा आणि तुमच्या सिलिंडरच्या किमतीशेजारी ठेवून बघा. मग पाइपच्या बिलातले स्थिर आकार आणि सुरुवातीची ठेव विचारात घ्या. ठेवीतली किती रक्कम परत मिळणारी आहे आणि किती नाही, हे लिहून मागा.

उज्ज्वला योजनेतलं कनेक्शन असेल तर सिलिंडरवरची सवलत सुटेल, हेही हिशेबात धरा.

माझ्या मते पैशांपेक्षा मोठा फायदा वेगळा आहे. माझ्या सासूबाई बहात्तर वर्षांच्या आहेत. रिकामा सिलिंडर बाजूला सारून भरलेला जागेवर आणणं हे त्यांचं दर महिन्याचं ओझं होतं, आणि घरात दुसरं कोणी नसलं की त्या ते गुपचूप करायच्या. आता ते संपलं.

बदलाच्या दिवशी घरात नेमकं काय होतं?

नळी आणि मीटर आधीच बसवून गेलेले असतात. ठरल्या दिवशी तंत्रज्ञ येतो, नळीत दाब भरून गळती तपासतो आणि मग शेगडी उघडतो.

शेगडीचं काम जवळ उभं राहून बघा. बर्नरच्या खाली पितळेचं बोटाच्या पेराएवढं जेट असतं, मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक. सिलिंडरचा गॅस जास्त उष्णतेचा आणि जास्त दाबाने येणारा, म्हणून त्याचं भोक बारीक. पाइप गॅस एकवीस मिलिबारच्या आसपास येतो, सिलिंडरचा तीसच्या आसपास. त्यामुळे पाइपसाठी मोठ्या भोकाचं जेट लागतं. सगळी जेटं बदलून झाल्यावर प्रत्येक बर्नर लावून बघा, बारीक करून आणि मोठा करून. ज्योत निळी, बुडाशी घट्ट बसलेली हवी. पिवळी लवलवती ज्योत किंवा पातेल्याच्या बुडाला काजळी दिसली तर माणूस दाराबाहेर पडण्याआधी त्याला परत बोलवा.

आमच्याकडे त्याने चारपैकी तीन बर्नर नीट केले आणि चौथ्याचं जेट बदलायचं राहिलं. त्या दिवशी त्यावर भात ठेवला तर तासभर नुसता कोमट. गॅसचा दोष नव्हता, भोकाचा होता.

काढलेली जुनी जेटं पिशवीत घालून नाव लिहून ठेवा. पुढे सिलिंडरच्या घरात राहायला गेलात तर ती परत लावावी लागतील. पाइपची जेटं तशीच ठेवून सिलिंडर जोडला तर ज्योत भडकते, आणि ते धोक्याचं आहे.

बाथरूममधला गॅस गीझर?

त्याचंही रूपांतर लागतं आणि ते शेगडीवाल्याने करायचं काम नाही, गीझरच्या कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या. सगळ्याच मॉडेलचं होत नाही. हवा खेळती नसलेल्या न्हाणीघरात गॅस गीझर असेल तर ही संधी घेऊन तो काढूनच टाका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पाइप आल्यावर एक सिलिंडर अडीअडचणीला ठेवला तर?

हा प्रश्न सगळे दबक्या आवाजात विचारतात. घरगुती पाइप गॅस असलेल्या घराला घरगुती सिलिंडरचं कनेक्शन ठेवता येत नाही, ते परत करायचं असतं. पण पाइप सुरू होऊन चारही बर्नर नीट पेटत असल्याचं बघितल्यावरच करा, आदल्या दिवशी नव्हे. मग टीव्ही आणि ठेव वर सांगितल्याप्रमाणे. अडीअडचणीला इंडक्शनची शेगडी पुरते.

सगळंच इंडक्शनवर नेलं तर?

ढोबळ हिशेबाने एका सिलिंडरचं काम करायला १३० ते १४५ युनिट वीज लागते. आपल्याकडे घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढत जातो, आणि हे नवे युनिट तुमच्या आधीच्या वापराच्या डोक्यावर बसतात, म्हणजे वरच्या दराने. त्यात जून-जुलैत माड तारांवर पडला की चूल बंद. सत्तरी-सांगेकडच्या घरांना मी फक्त इंडक्शनवर राहा असं सांगणार नाही.

छपरावर सौर पॅनल बसवणार असाल तर गणित बदलतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० असं जास्तीत जास्त ७८,००० रुपयांचं अनुदान ठरलं आहे. तरीही रात्रीची वीज खात्याचीच, आणि वीज गेली की खात्याच्या वीजजाळ्याला (ग्रिडला) जोडलेला साधा सौर संचही बंद पडतो.

घर सोडताना विजेचं काय करायचं?

चावी देण्या-घेण्याच्या दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो काढा, मीटर क्रमांक दिसेल असा. दोन्ही बाजूंनी तो कागदावर लिहून सही करा. विकत घेत असाल तर थकबाकी नसल्याचं वीज कार्यालयातून कळेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका.

गॅसचा वास आला तर?

शेगडी आणि रेग्युलेटर किंवा पाइपचा व्हॉल्व्ह बंद करा. दारं-खिडक्या उघडा. दिव्याचं किंवा पंख्याचं बटण चालू-बंद करू नका. बाहेर जाऊन फोन करा: सिलिंडरसाठी १९०६, पाइपसाठी बिलावर छापलेला आपत्कालीन क्रमांक. तो क्रमांक आजच फ्रीजवर चिकटवा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. पाइपचा हलका, तो वर जातो. म्हणून पाइप घेतल्यावर वरची झडप किंवा झरोका बंद करू नका. आमच्या स्वयंपाकघरातला तो झरोका उंदरांच्या भीतीने पत्रा ठोकून बंद केलेला होता. तंत्रज्ञाने तो आधी उघडायला लावला, मग आम्ही जाळी बसवली.

एजन्सी ऐकतच नाही. तक्रार कुठे?

आधी एजन्सीत लेखी द्या आणि पोच घ्या. मग सिलिंडर कंपन्यांचा १८००-२३३३-५५५ हा विनाशुल्क क्रमांक, आणि त्यानेही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तोंडी तक्रार कुठेच राहत नाही. माझे ते चार महिने संपले ते त्या चिटोऱ्याचा फोटो जोडून तक्रार केल्यावर. फोटो काढून ठेवायला मुलगी म्हणाली होती, मी नको म्हणत होते.

बदल कधी करावा?

चवथीच्या आधीचे दोन आठवडे सोडून. त्या दिवसांत नेवऱ्या, करंज्या, मोदक, खतखतं सगळं एकाच शेगडीवर चालतं, एजन्सीत बुकिंगची गर्दी असते आणि तंत्रज्ञही आपापल्या गावी माटोळी (गणपतीवरची फळापानांची सजावट) बांधायला गेलेले असतात. आम्ही दिवाळी झाल्यावर तारीख घेतली. माणूस सकाळी दहाला आला आणि बाराच्या आधी नुस्त्याचं हुमण नव्या ज्योतीवर उकळत होतं.